ट्रास्कच्या वाडग्यावरचे डाग

मर्सी टटल दारात उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यावर रविवारची टोपी होती आणि वार सोमवार होता. प्रकरण गंभीर आहे, हे हॅरिएट डूलीने तेवढ्यावरूनच ओळखलं.

"बसा. कॉफी घ्या. काय झालं ते आधी सांगा, कुणी केलं ते नंतर बघू."

"चोरी झाली," मर्सी म्हणाली. "झाली आणि सापडलीही. माझ्याच स्वयंपाकघरात सापडली."

खिडकीशी बसलेल्या डॉक्टर लायमन पीज यांनी पाव कपात बुडवला तो तसाच धरून ठेवला. डॉक्टर म्हणजे दातांचे, तेही निवृत्त. हॅरिएट बॉस्टनच्या विमा कंपन्यांसाठी चोर हुडकायचं काम सोडून आमच्या थॅचर्स नेकमध्ये राहायला आली, तेव्हापासून ते रोज सकाळी तिच्याकडे कॉफीला येत. आपण तिला तपासात मदत करतो, अशी त्यांची समजूत होती आणि ती मोडायचं कुणाच्याच जिवावर येई.

मर्सी ही ओबादाया ट्रास्कच्या घराची राखणदार. ट्रास्क आमच्या गावाचा अभिमान. चांदीकाम करायचा, तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा, गावच्या सभागृहाची घंटा त्यानेच ओतली. वेळ पडली तर लोकांचे दातही तारेनं बसवून द्यायचा, म्हणून डॉक्टरांना तो जास्तच प्रिय. इंग्रज फौज निघाल्याची खबर घेऊन तो रात्रभर घोडा पळवत गावंच्या गावं उठवत गेला होता. पुढे बंदुकीची दारू विकत घ्यायला गावाने चांदीचे चमचे आणि बुटांची बकलं त्याच्यापाशी आणून टाकली. लढाई संपल्यावर उरलेल्या बकलांचा त्याने एक वाडगा घडवला. दर एकोणीस एप्रिलला पहाटे मैदानावर त्या दिवसाच्या लढाईचा देखावा होतो, मग सभागृहात नाश्ता, आणि त्यानंतर सारं गाव त्या वाडग्यातून सफरचंदाच्या रसाचा एकेक घोट घेतं. सरकारने ही सुट्टी सोमवारवर ढकलली त्याला काही वर्षं झाली, पण आमचं गाव सरकारच्या सोयीने लढलं नव्हतं. यंदा तर दोनशे वर्षं पुरी झालेली.

"शनिवारी पहाटे मैदानावर निघताना वाडगा पेटीत होता," मर्सी सांगू लागली. "नाश्ता झाल्यावर आणायला गेले, तर पेटीला कुलूप तसंच आणि आत काही नाही. लॅथ्रोप साहेबांनी घराची झडती घेतली. माझ्या मक्याच्या पिठाच्या डब्यात निघाला."

प्रेस्कॉट लॅथ्रोप म्हणजे ट्रास्क स्मारक संस्थेचे अध्यक्ष.

"गुरुवारी दुपारी बैठक आहे. मला काढून टाकणार."

"आणि घर सोडावं लागणार?"

"माझं एक सोडा, मी बहिणीकडे जाईन." मर्सीने कप खाली ठेवला. "ट्रास्क घराण्यातली शेवटची बाई मरताना लिहून गेली, की तिथं राहणाऱ्या राखणदाराच्या होकाराशिवाय घराची वीटही हलवायची नाही. लॅथ्रोप साहेबांना मागची बाग आणि शेड पाडून पर्यटकांच्या बसगाड्यांसाठी जागा करायची आहे. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हटलं. पण चोरीसाठी काढलेल्या राखणदाराला कोण विचारतं? ट्रास्कची भट्टी त्या शेडमध्येच आहे, मिस डूली. ती पाडू देणार नाही मी."

"प्रेस्कॉटचा यात हात असणं शक्य नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळीबाराच्या वेळी तो मैदानावर होता. मी स्वतः पाहिलंय. मी मिलिशियात, गावकऱ्यांच्या फौजेत होतो." एवढं बोलून ते उठायला गेले आणि कंबर धरून पुन्हा बसले.

"काय झालं?"

"शनिवारपासून लचक भरलीय. दार उचललं ना."

"या वयात दारं कशाला उचलायची?"

"कुणीतरी उचलायलाच हवं," डॉक्टर म्हणाले आणि आपली टोपी शोधू लागले.

*

पेटी काचेची होती आणि तिच्यावर एक ओरखडाही नव्हता. मर्सीला तिच्या जवळ जायची मनाई होती, पण हॅरिएट मनाईचा कागद वाचत बसणाऱ्यांतली नव्हती. नव्या कुलपाची किल्ली तिने संस्थेच्या कारकुनाकडून गोड बोलून काढली होती.

वाडगा सुरेख होता. फक्त काठाशी चांदीवर तपकिरी डाग पडले होते. आतल्या बाजूला एक मोठा, बाहेरच्या बाजूला तीन लहान.

"अंगठा आणि बोटं," हॅरिएट म्हणाली.

"हे आधी नव्हते," मर्सी कळवळून म्हणाली. "पंधरवड्यापूर्वीच मी खडूच्या पुडीनं घासलाय. काल काचेतून पाहिला तेव्हा फिके होते, आज गडद झालेत. द्या इकडे, पुसते."

"हात लावू नका. गुरुवारपर्यंत कुणीच हात लावू नका."

"बोटं तीनच कशी?" डॉक्टरांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "चौथं पुसलं गेलं असेल."

वाडग्याभोवती गावातल्या घराण्यांची नावं कोरलेली होती. दोनशे वर्षं घासूनही अक्षरं काळीभोर. हॅरिएटने त्यावर बोट दाखवलं.

"गंधक," मर्सी म्हणाली, आणि आवाज आपोआप पाहुण्यांना माहिती देतानाचा झाला. "ट्रास्क कोरलेल्या रेघांत गंधकाचं पाणी भरायचा. चांदीला गंधक लागला की ती हळूहळू काळी पडते, मग नुसतं फडक्यानं पुसून जात नाही. मुलांना मी उकडलेल्या अंड्यानं काळा पडलेला चमचा दाखवते."

मग तिघं स्वयंपाकघरात आले. पिठाचा डबा ओट्याखाली होता आणि भिंतीवरच्या खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा लटकत होता.

"शनिवारी किल्ल्या कुठं होत्या?"

"इथंच. साहेबांचा हुकूम आहे. त्या दिवशी जुना झगा घालायचा, आणि कमरेला आजकालच्या किल्ल्या दिसता कामा नयेत."

"घरात कोण होतं?"

"कुणी नाही. सगळं गाव मैदानावर."

"पुढचं दार?"

"कुलूप."

"शेडचं?"

"त्याला आतून अडसर असतो."

"कुणी नव्हतं," डॉक्टरांनीही मान हलवली.

शेड स्वयंपाकघराला लागूनच होती. आत ट्रास्कची विटांची भट्टी, ऐरण, हातोड्या, सगळं जागच्या जागी. बाहेरचं दार जाड फळ्यांचं, आणि अडसर घातलेला होता. घरातल्या बाकीच्या बिजागऱ्या गंजलेल्या, पण या दाराच्या बिजागऱ्यांना ताजं ग्रीस. हॅरिएटने फळ्यांवरून हात फिरवला. छातीच्या उंचीवर दोन फळ्यांच्या फटीत गवताची काडी अडकली होती. तिने ती काढून खिशात टाकली. डॉक्टर तेव्हा भट्टीशी उभे राहून, ट्रास्क दात बसवायला कोणती तार वापरत असेल याचा विचार करत होते.

*

जुन्या वस्तूंचे दुकानदार सिल्व्हेस्टर होबार्ट काही लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.

"वाडगा मला हवा होता. अजून हवाय. पण चोरीचा वाडगा विकू कुणाला? साऱ्या राज्याला तो ओळखू येतो. आणि मी इंग्रज सैनिक होतो."

"दरवर्षी?"

"मी न्यूयॉर्कहून आलेला. इंग्रज कुणाला करायचं, हा प्रश्न गावाला पडतच नाही. गोळीबार झाला की आम्ही ढोलाच्या तालावर पुलापर्यंत हटतो आणि गवताच्या गाडीत बसून परत येतो. गाडीत दोघं माझ्या मांडीवर बसले होते. त्यांना विचारा. माझ्या मांडीला अजून आठवतंय."

सभागृहाच्या दाराशी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन उभ्या राहणाऱ्या ॲग्नेस डन्फीबाईंनी ही गोष्ट खरी ठरवली. "बंदुकीची दारू लागलेले काळे हात घेऊन माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. एकेकाचे पंजे उलटेसुलटे करून बघते मी. आधी आपले लोक आले, मग गाडीतले इंग्रज."

"आणि लॅथ्रोप साहेब?"

"सगळ्यांत शेवटी. घंटा झाल्यावर."

"उशीर झाला म्हणायचा."

"उशीर कसला? वेळेवरच की." बाईंनी हॅरिएटकडे कीव केल्यासारखं पाहिलं. हॅरिएट तिथं राहायला आल्यापासून एकदाही त्या पहाटे उठली नव्हती, आणि गाव ते विसरलं नव्हतं.

लॅथ्रोप साहेबांनी चहा मागवला. उंच, गोरे, गोड बोलणारे गृहस्थ. कप उचलताना त्यांची उजवी करंगळी ताठ उभी राही. "ऐट बघा," डॉक्टर हॅरिएटच्या कानाशी कुजबुजले.

"मर्सीचं मला फार वाईट वाटतं," लॅथ्रोप म्हणाले. "पण पुरावा पुरावाच. माझ्याबद्दल म्हणाल, तर पहिल्याच फैरीत मी कोसळलो. साऱ्या गावानं पाहिलंय. त्यानंतर मी कुठं जाणार?"

"वाडगा डब्यातून तुम्हीच काढला?"

"पांढरे हातमोजे घालून. वर रुमालानं पीठ झटकलं, तेही हातमोज्यांतूनच. चांदीला उघडा हात लावायचा नाही, हे आम्हाला मर्सीनंच शिकवलंय. उघड्या हातानं मी त्या वाडग्याला जन्मात शिवलेलो नाही."

"हे गुरुवारी बैठकीत सांगाल?"

"अवश्य."

शेवटी कॅप्टन रॉय गिलख्रिस्ट. बोटी बांधायचा कारखाना यांचा, आणि मिलिशियाचे कप्तानही हेच. ते एका उपड्या बोटीखालून बाहेर आले.

"माझ्या आज्यानं ती पेटी बनवली म्हणून माझ्यावर डोळा आहे का तुमचा? चमच्याच्या दांड्यानं उघडीन मी ती. पण सगळ्या बंदुका मोजून होईस्तोवर मी मैदान सोडत नाही, आणि मोजताना अर्धं गाव माझ्या डोक्यावर उभं असतं." मग डॉक्टरांकडे वळून, "काय रे डॉक, कंबर काय म्हणते?"

"पुढच्या वर्षी एखादा बारीक माणूस निवड, एवढंच म्हणते."

कॅप्टन खदखदून हसले. "साहेब नाश्त्याला आले तर कोटाच्या बाहीला पिवळी भुकटी. म्हटलं, मेल्यावर माणूस पिवळा पडतो ऐकलं होतं, यंदा बघायलाही मिळालं."

हॅरिएट हसली नाही. तिने खिशातली गवताची काडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली.

"डॉक्टर," परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "मी तुम्हाला एक प्रश्न अगदी चुकीचा विचारत होते. आणि तुम्ही सगळे त्याचं अगदी खरं उत्तर देत होतात."

*

गुरुवारी दुपारी ट्रास्कच्या दर्शनी खोलीत संस्थेची माणसं जमली. मर्सी रविवारची टोपी घालून भिंतीशी ताठ बसली होती. तिने सामान बांधायला घेतलं नव्हतं. लॅथ्रोप साहेबांनी आपलं म्हणणं हातमोज्यांसकट सांगितलं आणि हॅरिएटला बोलायला जागा दिली.

तिने वाडगा टेबलावर ठेवला. चार डाग आता कोळशासारखे काळे झाले होते.

"हे डाग कशाचे, ते मर्सीबाईंनी मला सोमवारीच सांगितलं, पण सांगितलंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. चांदी गंधकानं काळी पडते. बंदुकीच्या दारूत गंधक असतो. मैदानावर बंदूक उडवून काळ्या झालेल्या, दवानं ओल्या हातानं कुणीतरी हा वाडगा काठाला धरला. शनिवारी दुपारी तो झटकला तेव्हा डाग दिसले नाहीत, कारण तेव्हा ते उमटलेच नव्हते. ते दिवसागणिक गडद होत गेले. मर्सीबाईंनी बंदूक उडवलेली नाही."

खोलीत कुजबूज झाली. मर्सीने डोळे मिटले.

"आता वेळ बघा. सभागृहात डन्फीबाईंनी सगळ्यांचे हात धुतले. म्हणजे वाडगा उचलला गेला तो गोळीबारानंतर आणि नाश्त्याआधी. तेवढ्या वेळात इंग्रज गाडीत होते, कॅप्टन बंदुका मोजत होते, बाकीचे बादलीपाशी. मग घरात कोण होतं? मी मर्सीबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, कुणी नाही. डॉक्टरही म्हणाले, कुणी नाही. दोघं खोटं बोलणारी माणसं नाहीत."

"नव्हतंच कुणी," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, तुमची कंबर कशानं धरली?"

"सांगितलं ना, दार उचलल्यानं."

"कुठलं दार?"

"शेडचं. त्यावर बीलला घालून..." डॉक्टर थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्यांची तोंडं उघडून बघण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"हा तुमचा रिवाज काल विचारून घेईपर्यंत मला ठाऊक नव्हता," हॅरिएट म्हणाली. "दोनशे वर्षांपूर्वी एमॉस बील नावाचा चांभार पहिल्या फैरीत मैदानावर पडला. शेजाऱ्यांनी या शेडचं दार काढून त्याला त्यावर घातलं, शेडमध्ये आणून ठेवलं, घोंगडी पांघरली आणि ते इंग्रजांच्या मागे धावले. तेव्हापासून दरवर्षी एकजण बील होतो, आपली बंदूक उडवून पडतो. त्याला त्याच दारावरून त्याच शेडमध्ये आणतात, पांघरूण घालतात आणि मागे वळून न बघता निघून जातात. ट्रास्कची घंटा वाजेपर्यंत तो या जगात नसतो. म्हणून घरात कोण होतं विचारलं की सारं गाव प्रामाणिकपणे सांगतं, कुणी नाही. दाराला अडसर असतो, हेही खरंच. बाकी दिवशी असतो. त्या दिवशी ते दार बिजागरीवरच नसतं. म्हणून तिथं ताजं ग्रीस आणि फळ्यांत मैदानाचं गवत. यंदाचा बील कोण होता?"

 सगळ्यांच्या माना एकाच खुर्चीकडे वळल्या.

"पहिल्याच फैरीत मी कोसळलो, त्यानंतर मी कुठं जाणार, असं तुम्ही मला सांगितलंत, साहेब. गावातल्या कुणीही तुम्हाला पुढचा प्रश्न विचारला नसता. तुम्ही उठलात. किल्ल्या तुमच्याच हुकमानं खिळ्याला होत्या. वाडगा काढलात, पिठाच्या डब्यात पुरलात, किल्ल्या जागेवर लावल्यात आणि परत मेलात. बाहीला मक्याचं पिवळं पीठ लागलं, ते कॅप्टननी पाहिलं."

"बाहेरून दुसरं कुणी आलं असेल," लॅथ्रोप म्हणाले. त्यांचा आवाज अजून गोडच होता. "दार नव्हतं, तुम्हीच म्हणता."

"मग तो तुमच्या उशाजवळून गेला आणि तुम्ही आजवर चकार शब्द काढला नाहीत. आणि तो तुमच्यासारखाच हात घेऊन आला होता. अंगठा सोडून चारही बोटं टेकली तर बाहेरच्या बाजूला चार डाग पडतात. इथं तीन आहेत. चौथं पुसलं गेलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. पुसलं गेलं नाही, टेकलंच नाही. त्या बोटाला वाकताच येत नाही. आम्हाला ती ऐट वाटली." तिने वाडगा त्यांच्यापुढे सरकवला. "उघड्या हातानं जन्मात शिवला नाहीत ना? आता धरून दाखवा."

लॅथ्रोप साहेबांनी उजवा हात टेबलाखाली नेला. 

"गाव मरतंय," ते म्हणाले. "यंदा हजारो लोक येणार होते, आणि त्यांना थांबायला जागा नाही. एक बाई नाही म्हणते म्हणून."

"त्या बाईला तुम्ही चोर ठरवलंत," कॅप्टन म्हणाले. ते आता हसत नव्हते. "उठा. अध्यक्षाची खुर्ची आहे ती."

लॅथ्रोप उठले आणि मुख्य दाराने बाहेर गेले. कुणी त्यांच्याबरोबर गेलं नाही.

मर्सीने टोपी काढली. कपाटातून खडूची पूड आणि फडकं आणलं, टेबलाशी बसली आणि वाडगा मांडीवर घेऊन घासू लागली. डाग निघत होते.

"यात बीलचंही बकल आहे," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "लोक परत आले तेव्हा तो मेलेला होता. त्याला शेडमध्ये ठेवलं तेव्हा जिवंत होता की नव्हता, हे कुणी पाहिलंच नाही. माझी आजी म्हणायची, पांघरूण सरकलेलं होतं."

डॉक्टर खाली बघू लागले.

"पुढच्या वर्षी मी मैदानावर येणार नाही. त्याच्यापाशी बसणार आहे."

"मर्सी, पण रिवाज तसा नाही," कॅप्टन हळूच म्हणाले.

"दोनशे वर्षं त्याला एकट्याला ठेवलं, रॉय. आता पुरे झालं."

यावर मत घ्यायची कुणाला गरज वाटली नाही.

पुढच्या एकोणीस एप्रिलला डॉक्टरांना कंबरेमुळे दार उचलण्यातून सूट मिळाली, आणि त्या बदल्यात बील व्हावं लागलं. ते पहिल्या फैरीत सावकाश, जपून पडले. त्यांना दारावरून शेडमध्ये आणलं, घोंगडी पांघरली आणि सगळे निघून गेले. गर्दीच्या मागे हॅरिएट डूली होती. त्या वर्षी ती पहाटे उठली होती.

मर्सी भट्टीशेजारी स्टूल ओढून बसली आणि तिने घोंगडीखालचा हात हातात घेतला. मैदानावरचा ढोल पुलाच्या दिशेने लांब लांब जात राहिला.

"मर्सी," थोड्या वेळाने घोंगडीखालून आवाज आला, "कॉफी आहे का गं?"

"मेलेल्यानं बोलायचं नसतं," मर्सी म्हणाली, आणि घंटा वाजेपर्यंत तिने तो हात सोडला नाही.